बोटाची शीर शिवल्यानंतर स्प्लिंटमधले दिवस: सोलापूरकरांनो, अनुभव इथे लिहूया

कात्री_आणि_टेप | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सहा आठवडे उजव्या हाताला स्प्लिंट (हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा कडक साचा) होता, तो गेल्या आठवड्यात दिवसापुरता निघाला. रात्री अजून घालते. या काळात जे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. एकाचा जरी हात वाचला तरी पुरे.

मी शाळेच्या गणवेशांचं काम करते. घरात चार मशिनी, कटिंग माझ्या हातचं. मार्चमध्ये शेंगा चटणीची काचेची बरणी धुताना हातातच फुटली. अनामिका तळव्याला मिळते तिथे जेमतेम पाऊण इंचाची चीर. जवळच्या दवाखान्यात तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. बोट वाकवून दाखवा असं कुणी म्हणालं नाही, आणि एवढी जाड पट्टी बांधल्यावर मलाही ते सुचलं नाही. पाचव्या दिवशी पट्टी बदलताना दिसलं. हात सैल सोडला की बाकीची बोटं आपोआप थोडी आत वळतात, अनामिका मात्र ताठ उभी. वाकव म्हटलं तरी जागची हलेना. शिवाय बोटाची एक कड बधिर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपण मराठीत "शीर" म्हणतो ती तीन वेगळ्या गोष्टींना. रक्ताची नळी म्हणजे शीर, संवेदना नेणारा मज्जातंतू म्हणजे शीर, आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी पांढरी दोरी, म्हणजे टेंडन, तीही शीर. पहिल्या दवाखान्यात मीच विचारलं होतं, "शीर कापली नाही ना?" उत्तर मिळालं, "नाही नाही, रक्त थांबलंय की." दोघं दोन वेगळ्या शिरांबद्दल बोलत होतो. त्यात माझे पाच दिवस गेले.

आठव्या दिवशी हाताच्या सर्जननी ऑपरेशन केलं. अनामिकेची दोन्ही टेंडनं तुटली होती आणि एका बाजूचा मज्जातंतूही. जखम पाऊण इंचाची होती, ऑपरेशननंतरची रेघ मात्र नागमोडी, तळव्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत. एवढं का कापलं, म्हणून घरात सगळे घाबरले. मला ते शिवणकामामुळे लगेच कळलं. पायजम्याची नाडी तुटली की टोक नेफ्यात आत पळतं ना, तसंच. वरच्या टोकाला मनगट आणि कोपरामधला स्नायू ओढत असतो, ते तळव्यात निघून जातं. मग नेफा उसवून शोधावं लागतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी स्प्लिंट बनवला. पांढरी जाड शीट गरम पाण्यात टाकली, ती लाटलेल्या ओल्या पापडासारखी लुळी पडली, आणि थेरपिस्ट ताईंनी ती माझ्या हाताच्या पाठीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरली. चारपाच मिनिटांत दगड. मनगट जवळपास सरळ, बोटं मुळाशी वाकलेली, पुढची पेरं सरळ, आणि बोटांच्या वर छप्पर. तळव्याकडची बाजू मोकळी. मला वाटलं होतं हात आता बांधून ठेवायचा. ताई म्हणाल्या, "आजपासूनच हलवायचा आहे, छपराच्या आतल्या आत."

पुढचं हळूहळू लिहिते, डाव्या हाताने टाइप करतेय. इथे कुणी यातून गेलंय का?

होटगीरोडकर | १२ मे, रात्री १०.१५

ताई, लवकर बऱ्या व्हा. पण एक शंका. माझ्या मामांचं पंचवीस वर्षांपूर्वी असंच बोट कापलं होतं. पक्कं प्लास्टर केलं, हलवायचंच नाही असं बजावलं. चौथ्या दिवसापासून हलवायचं म्हणजे शिवलेलं उसवणार नाही का? कापडाचा टाकासुद्धा ओढला की निघतो.

कात्री_आणि_टेप | १२ मे, रात्री १०.३२

मलाही हीच भीती होती. मामांचं बोट आता पूर्ण वाकतं का?

होटगीरोडकर | १२ मे, रात्री १०.४०

नाही. अर्धंच वाकतं. आम्ही समजत होतो की एवढंच होणार.

हातथेरपी | १३ मे, सकाळी ७.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाताच्या रुग्णांबरोबरच काम करते. होटगीरोडकरांची शंका अगदी बरोबर जागी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ताईंनी नेफ्याचं उदाहरण दिलं ते मी आता माझ्या रुग्णांना देणार. बोटात टेंडन एका अरुंद बोगद्यातून सरकतं. बोगद्याला जागोजागी कड्या असतात, त्या टेंडनला हाडालगत धरून ठेवतात. तळव्याच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्यात तर एकाच बोगद्यात दोन टेंडनं असतात. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जननी या पट्ट्याला "नो मॅन्स लँड" म्हटलं होतं, कारण तिथे शिवलेलं टेंडन हमखास चिकटायचं. जखम भरताना शरीर सगळंच एकमेकांना जोडत सुटतं. टेंडनचं टोक टोकाला जुळतं, आणि टेंडन बोगद्याच्या भिंतीलाही जुळतं. नाडी नेफ्यालाच शिवली गेली तर ती ओढून काय उपयोग? मामांचं तेच झालं असणार. बोट तुटलेलं नाही, चिकटलेलं आहे.

म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या क्लाइनर्ट या सर्जननी नखाला रबर बांधून बोट हलतं ठेवायची पद्धत आणली. १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउजर यांनी दुसऱ्या हाताने बोट वाकवण्याचे व्यायाम मांडले. नंतर बेलफास्टच्या मंडळींनी रुग्णाला स्वतःच्या ताकदीने बोट हलकं वाकवू द्यायला सुरुवात केली. आज बहुतेक ठिकाणी तीनपासून पाच दिवसांच्या आत हालचाल सुरू होते. टेंडन काही मिलिमीटर सरकत राहिलं की भिंतीला धरत नाही, आणि हलक्या ताणाने जोडही मजबूत होत जातो.

आता "उसवणार नाही का?" याचं उत्तर. उसवू शकतं. जोडाची सगळी भिस्त पहिले काही आठवडे दोऱ्यावरच असते, आणि पहिल्या दोनतीन आठवड्यांत तर टोकं मऊ पडल्याने दोऱ्याची पकडही ढिली होते. म्हणूनच छप्पर. हलकेच आत वाकवताना ताण कमी पडतो, मागे ताठ करताना जास्त. छप्पर त्या मागच्या हालचालीला अडवतं. दुपदरी टाक्यापेक्षा चौपदरी किंवा सहापदरी टाका जास्त ओढ सोसतो, त्यामुळे किती लवकर आणि किती हलवायचं हे सर्जननी आत काय शिवलंय त्यावर ठरतं. लहान मुलं, किंवा सूचना पाळणं ज्यांना जमणार नाही असे रुग्ण, यांना आजही तीनचार आठवडे पूर्ण बंद ठेवतात. त्यामुळे शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्या हाताला लावू नका.

तेंदूपत्ता | १३ मे, दुपारी १.२०

माझ्या आईचा प्रश्न आहे. ती विडी वळते, चाळीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात गादीखाली चादर खोचताना मधल्या बोटाचं टोक एकदम खाली पडलं. दुखलंही फार नाही. आता टोक वर उचलताच येत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, टोकाला छोटा स्प्लिंट दिला. आई आंघोळीला काढते, भाकरी थापायला काढते, पुन्हा घालते. तीन आठवडे झाले, फरक शून्य. पान कापायला, वळायला, टोक दुमडायला तेच बोट लागतं. हजार विड्यांमागे मजुरी असते, काम कमी झालं की हिशोबच चुकतो.

हातथेरपी | १३ मे, दुपारी ३.१०

तेंदूपत्ता, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं टेंडन बोटाच्या पाठीमागचं आहे, टोक सरळ करणारं. चादर खोचताना तुटणं हे फार ठरलेलं कारण आहे. हे बहुतेक वेळा नुसत्या स्प्लिंटने जुळतं, पण अट कडक आहे. टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे एकदाही खाली पडता कामा नये. एकदा पडला की नुकती जुळत आलेली टोकं सुटतात आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. आईंचे तीन आठवडे खरं तर सुरूच झालेले नाहीत. त्यांना रागावू नका, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसणार.

स्प्लिंट धुवायचा तर असं करा. हात टेबलावर पालथा सपाट ठेवायचा, बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं. दुसऱ्या कुणीतरी स्प्लिंट पुढे सरकवून काढायचा, बोट तसंच टेबलावर ठेवून पुसून कोरडं करायचं, स्प्लिंट परत चढवायचा, मगच हात उचलायचा. मधला सांधा मात्र मोकळा हवा आणि तो हलवत राहायचा. उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका, काही आठवड्यांनी सुरुवात केलेलीही बोटं सुधारतात. आधी डॉक्टरांना एकदा दाखवा, एक्स-रे झाला नसेल तर विचारा, कारण कधी हाडाचा तुकडाही निघालेला असतो.

तेंदूपत्ता | १३ मे, दुपारी ३.४०

आजपासून एक धरून मोजतो. कॅलेंडरवर खुणा करायला आईच बसलीय.

मागावरचा | १३ मे, रात्री ११.५०

रात्रपाळी नाही म्हणून वाचत बसलो. माझं लिहितो, कारण कात्री अक्कांना आता पुढचे पाचसहा आठवडे सांभाळायचे आहेत.

मी माग चालवतो, टॉवेलचा. मार्चच्या अखेरीस कापड सोडवताना ब्लेड घसरलं, डाव्या तर्जनीच्या दोन्ही शिरा गेल्या. ऑपरेशन वेळेत झालं. स्प्लिंट, व्यायाम, सगळं केलं. पाचव्या आठवड्यात बोट छान वळत होतं. हात हलका वाटत होता. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्या पहाटे बायको माहेरी, पाणी आलं, सगळी गल्ली जागी. मी स्प्लिंट काढून बाजूला ठेवला, भिजू नये म्हणून. कळशा उजव्या हातानेच भरत होतो. शेवटची कळशी कलंडली आणि डाव्या हाताने झटकन धरली. टक्. बारीक आवाज. दुखलं नाही. दुखलं असतं तर त्याच दिवशी गेलो असतो. बोट तेवढं सरळ झालं आणि वाकेना. चिकटलं असेल, तेल लावून बघू, म्हणून दोन दिवस काढले.

पुन्हा ऑपरेशन झालं. आता पुन्हा तोच स्प्लिंट, पुन्हा पहिल्यापासून. बरं वाटायला लागतं ते दिवसच वाईट, एवढं लक्षात ठेवा. हाताला बरं वाटतं, आतल्या शिरेला ते कळत नसतं.

कात्री_आणि_टेप | १४ मे, सकाळी ६.३०

अण्णा, हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. मी परवाच कुकर उचलायला गेले होते. यापुढे नाही.

हातथेरपी | १४ मे, सकाळी ८.१५

मागावरचा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. शंभरात साधारण चारपाच जणांचा जोड असा सुटतो, आणि बरेचदा स्प्लिंट निघालेल्या एखाद्या क्षणात. बोट अचानक वाकेनासं झालं तर दुखो न दुखो, त्याच दिवशी सर्जनना गाठायचं. लवकर कळलं तर पुन्हा शिवता येतं.

ताई, साधारण हिशोब असा असतो. सहा आठवडे स्प्लिंट, त्यानंतर रिकाम्या हाताने हलकी कामं, आठव्या आठवड्यानंतर हळूहळू ताकदीचे व्यायाम, बारा आठवड्यांपर्यंत जड उचलणं नाही. कुकर, कळशी, गॅस सिलिंडर, स्कूटी स्टँडवर घेणं, पिळून कपडे वाळत घालणं हे सगळं जडमध्ये येतं. मऊ कणीक मळणं आठदहा आठवड्यांनी चालतं, कडक भाकरीचं पीठ नाही.

मंगळवेढेकर | १४ मे, दुपारी १२.०५

वडिलांना ज्वारी काढताना डाव्या तर्जनीला विळा लागला. चार महिने झाले. तेव्हा फक्त वरून टाके घातले. बोट वाकत नाही. आता शिवता येईल का?

हातथेरपी | १४ मे, दुपारी २.३०

चार महिन्यांनी टोकाला टोक लावून शिवणं बहुतेक जमत नाही. स्नायू आखडतो आणि रिकामा बोगदा आतून भरून जातो. पण रस्ता बंद झालेला नाही. अशा वेळी दुसरीकडचं टेंडन काढून बसवतात. बोगदा खराब असेल तर आधी सिलिकॉनची दांडी घालून ठेवतात, साधारण तीन महिन्यांत तिच्याभोवती नवा गुळगुळीत बोगदा तयार होतो, मग दांडी काढून टेंडन ओवतात. नेफ्यात आधी पिन, मागून नाडी.

ते टेंडन बरेचदा मनगटाचंच असतं. वडिलांना अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावून मनगट थोडं आत वाकवायला सांगा. मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसते, तीच. शंभरातल्या साधारण पंधरा जणांना ती नसतेच, आणि नसली तरी हाताचं काही अडत नाही. तोवर दुसऱ्या हाताने बोट रोज पूर्ण वाकवत राहायला सांगा, सांधे मोकळे असतील तरच पुढचं ऑपरेशन उपयोगी पडतं.

हिशेबनीस | १४ मे, सायंकाळी ५.४५

मागावरचा, कारखाना ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल आणि तुमचं नाव लावलेलं असेल, तर कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, मजुरीच्या ९० टक्के, अपंगत्व असेपर्यंत. त्यासाठी मालकाने अपघाताची नोंद पाठवलेली असावी लागते. नसेल तर मागे लागा, लेखी मागा. आणि बाकीच्यांनी ऑपरेशनआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

मागावरचा | १४ मे, रात्री ८.२०

नाव लावलेलं नाही. आमच्या शेडमध्ये कुणाचंच नाही.

कात्री_आणि_टेप | १७ मे, दुपारी ४.१०

उन्हाबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि सोलापुरात हे लिहायलाच हवं. एप्रिलमध्ये व्यायामाला जाताना ताईंनी जखम बघण्यासाठी स्प्लिंट काढला होता. त्याच वेळी त्यांनी बजावलं, की हा उन्हात, गाडीत, गॅसजवळ ठेवायचा नाही. मी ठेवला नाही, पण माझ्यासमोरच एका काकांचा स्प्लिंट आला होता, बंद कारच्या काचेखाली अर्धा तास राहिलेला. छप्पर उताणं झालं होतं. म्हणजे बोटांना अडवणारी भिंतच पडलेली. काकांनी तो तसाच घातला होता.

घामाने आतून खाज सुटते, वास येतो. आत सुती बाही घालायची आणि ती रोज बदलायची. माझ्या थेरपिस्टनी दोन बाह्या दिल्या होत्या, आणखी चार मी जुन्या बनियनच्या बाह्यांच्या शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे आत टोचत नाही. कुणाला हव्या असतील तर माप कळवा, शिवून देते.

आणि बधिर बोटाची काळजी. मज्जातंतू शिवल्यावर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो. तोवर चटका कळत नाही. मला तव्याचा लागला, फोड आल्यावर कळलं.

हातथेरपी | १७ मे, रात्री ९.००

बरोबर. स्प्लिंट साध्या गार पाण्याने आणि साबणाने धुवायचा, साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात ज्याला आकार येतो तो त्याच उष्णतेत आकार सोडतो. स्प्लिंटचा लाल वळ अर्ध्या तासानंतरही जात नसेल, बोट निळं-गार पडत असेल, तर स्प्लिंट स्वतः वाकवून बघू नका, आम्हाला दाखवा. आणखी एक, मावा-तंबाखू आणि सिगारेट या काळात बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि टेंडनला मुळातच रक्त कमी मिळतं.

तेंदूपत्ता | २ जून, सकाळी १०.३०

आईचे वीस दिवस सलग. एकदाही पडलं नाही. वळणं बंद आहे, पानं मी आणि बहीण कापतो. टोक स्प्लिंटमध्ये असल्यामुळे काही कळत नाही, पण आई म्हणते, आतून धरल्यासारखं वाटतंय.

कात्री_आणि_टेप | ६ जून, रात्री ९.१५

दहा आठवडे झाले. पहिल्या दिवशी मूठ वळवल्यावर अनामिकेचं टोक तळव्यापासून चार बोटं लांब राहायचं. आता एक बोट राहतं. मधला सांधा पूर्ण सरळ होत नाही, रात्रीचा स्प्लिंट त्यासाठी अजून चालू आहे. व्रणावर खोबरेल तेल लावून दिवसातून चार वेळा मालिश करते, कातडी आतल्या टेंडनपासून सुटी राहावी म्हणून. कात्री अजून हातात घेऊ देत नाहीत. काल छोट्या मापाच्या पायजम्यात नाडी ओवली, पिन उजव्या हातात धरून. बराच वेळ लागला, पण पिन सुटली नाही.

मागावरचा अण्णा, तुमचा कितवा आठवडा? आणि तुमच्या भागात पाणी कधी येतं? तुम्ही साखर पेठेच्या बाजूलाच राहता असं वाटतंय. माझा मुलगा बारावी झालाय, मोकळाच आहे. स्प्लिंट निघेपर्यंत कळशा भरायला तो येईल.

मागावरचा | ६ जून, रात्री ११.४०

पाचवा चालू आहे अक्का. उद्या पाण्याचा दिवस. पहाटे चारला येतं.